मागच्या फळीवरची रेघ

एका खाडीच्या काठी, तिवरांच्या दाटीत, एक बोका आणि त्याची मांजरी राहत असत. मांजरांची जात कशी असते ते तुम्हाला ठाऊकच आहे, मुलांनो. माशांवर जीव, आणि पाण्याचे नाव काढले की अंगावर काटा. त्यामुळे या दोघांना होडीवाचून गत्यंतर नव्हते. होडी तशी लहानच, बारा फुटांची. तिच्या मागच्या फळीला सहा घोड्यांचे एक जुने इंजिन टांगलेले होते. घोडे म्हणजे खरेखुरे घोडे नव्हेत बरे का. इंजिनाची ताकद घोड्यांत मोजायची रीत आहे, इतकेच. ते सहा घोडे खोकत चालत, मधूनच रुसून बसत. पण रोज सकाळी होडीला खाडीबाहेरच्या खडकापर्यंत नेत आणि ऊन चढायच्या आत टोपलीभर बोय मासे घेऊन घरी आणून सोडत.

होडी बांधली होती काठावरच्या म्हाताऱ्या कासवाने. ते जातिवंत सुतार होते. नवी होडी पाण्यात उतरवताना त्याची एक रीत ठरलेली असे. घरातल्या सगळ्यांना होडीत आपापल्या जागी बसवायचे, जाळे ठेवायचे, टोपलीत माशांच्या वजनाइतके दगड भरायचे, आणि मग स्वतः पाण्यात उभे राहून, मागच्या फळीवर पाणी जिथवर चढले असेल तिथे पटाशीने एक रेघ कोरायची. बोक्याच्या होडीवर रेघ कोरून झाल्यावर कासव म्हणाले होते, "ही तुमची दोघांची रेघ. टोपली भरली की पाणी रेघेला टेकेल, ते टेकू दे. पण रेघ बुडली, तर त्या दिवशी मुकाट घरी बसा."

तेव्हापासून निघण्याआधी मांजरी रोज मागे वाकून रेघ बघे. मग होडीच्या मध्यावर, बोक्याकडे तोंड करून बसे. सहा घोड्यांचा आवाज तो केवढासा! जाता-येता दोघांच्या गप्पा रंगत. काल कोणाच्या चुलीवर काय शिजले, वारा कुठून सुटेल, बोक्याच्या मिशीत कालचे खवले अजून कसे अडकलेले आहेत. बोका मिशी झटकायचा आणि मांजरी हसायची.

त्याच खाडीत एक कोल्हा होता. त्याची होडी थोरली, इंजिन पंचवीस घोड्यांचे. रोज सकाळी तो मागून सुसाट येई, बोक्याच्या होडीला अगदी खेटून पुढे जाई आणि जाता जाता ओरडे, "काय बोकोबा, मागून ढकलू का?" त्याच्या होडीची लाट उसळून मांजरीच्या अंगावर पडे. बिचारी नखशिखांत भिजे. मग खडक येईपर्यंत ती आपले खारट झालेले अंग चाटत बसे आणि वर म्हणे, "जाऊ द्या हो. वाळेल." पण बोक्याच्या जिवाची आग होई. खरे सांगायचे तर त्यातली निम्मी आग मांजरीसाठी होती आणि निम्मी स्वतःच्या मिशांसाठी. नेमकी कुठली निम्मी जास्त मोठी, हे त्याने स्वतःला कधी विचारले नाही.

पुढे कोल्ह्याने आणखी मोठे इंजिन आणले. जुने पंचवीस घोड्यांचे त्याच्या अंगणात धूळ खात पडले. "घेऊन जा," तो ऐटीत म्हणाला. "बघ तरी, वेग कशाला म्हणतात ते."

बोका आधी कासवाकडे गेला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. कासवाने होडी पुन्हा एकदा वितीने मोजली. मागची फळी ठोकून पाहिली. मग म्हणाले, "होडी बारा फुटांची. तुम्ही दोघं, एक जाळं, एक टोपली. हिला आठ घोडे पुरेत. दहा आणलेस तर मी डोळेझाक करीन. पंचवीस आणायचे असतील तर होडीच दुसरी बांधावी लागेल, थोरली. अरे, तू वेग बघतोयस. त्या इंजिनाचं वजन कोण बघणार? सगळं शेपटीकडे बसणार आहे ते!"

बोक्याला हवे होते ते उत्तर मिळाले नाही. तो फणकारला. "सुतारबाबा, तुम्ही पडलात कासव. दुसऱ्याचा वेग तुमच्याने बघवतच नाही." कासवाने मान आत ओढून घेतली. बोक्याला तिथल्या तिथे वाईट वाटले. पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा हे काही त्याला जमले नाही. तेव्हापासून तो कासवाच्या दारावरून जाईनासा झाला, आणि म्हणून नव्या इंजिनासकट होडी कासवाच्या नजरेस कधी पडलीच नाही.

कोल्ह्याकडून आणलेले हे नवे इंजिन फळीला अडकवताना दोघांच्याही कमरेत कळ आली. आपले सहा घोड्यांचे जुने इंजिन त्यांनी तिवराखाली फाटक्या जाळ्यात गुंडाळून ठेवले. मांजरी नेहमीप्रमाणे मागे वाकली आणि दचकली.

"अहो, रेघ कुठं गेली?"

रेघ पाण्याखाली चार बोटे गेली होती. त्याच दिवशी मुकाट घरी बसायचे, एवढेच करायचे होते. पण बोक्याला एक युक्ती सुचली. "अगं, तू पुढं टोकाशी जाऊन बस बघू." मांजरी पुढे गेली. बोक्याने तिच्या पायाशी तीन मोठे धोंडेही ठेवले. होडीचे नाक खाली झुकले, शेपूट उचलली गेली आणि रेघ हळूच पाण्याबाहेर आली. "झालं ना तुझ्या मनासारखं?" बोका म्हणाला. रेघ वर आली म्हणजे होडी वर आली असे नाही, मुलांनो. होडी उलट आणखी तीन धोंड्यांनी खाली गेली होती. पण रेघ दिसली आणि मांजरीचे समाधान झाले. तिचा रेघेवर विश्वास होता. नवऱ्यावर तर होताच.

आठ दिवस मोठ्या मजेत गेले. कोल्ह्याचे इंजिन मोठे, पण त्याची होडीही थोरली; त्याला आता खेटून जायला जमेना, त्याची लाट मांजरीपर्यंत पोचेना. बोका सुकाणूवर छाती काढून बसे. फक्त एक झाले. मांजरी पार पुढच्या टोकाशी, बोका मागे, आणि मध्ये पंचवीस घोड्यांचा खणखणाट. पहिल्या दिवशी ती मागे वळून काहीतरी म्हणाली. बोक्याने कानावर पंजा ठेवला. ती पुन्हा म्हणाली, त्याला पुन्हा ऐकू आले नाही. चौथ्या दिवसापासून तिने वळणे सोडून दिले. बोक्याला ते जाणवले होते. पण बोलायला काय, घरी गेल्यावर बोलूच की, असे त्याने मनाशी म्हटले. घरी गेल्यावर दोघेही दमून झोपी जात.

नवव्या दिवशी सकाळी समुद्र शांत होता. बोक्याने इंजिन पुरते सोडले होते. वेग इतका की खडक आला कधी आणि गेला कधी, त्याला कळलेच नाही. मांजरीला मात्र कळले. ती वळून ओरडली. बोक्याने नुसता पंजा हलवला. ती पुन्हा ओरडली. मग हसली, उठली आणि होडीची कड धरत, जाळ्यावरून पाय टाकत त्याच्याकडे येऊ लागली. ती येताना पाहून बोक्याला फार बरे वाटले. आठ दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्याजवळ येत होती. त्याने तिच्यासाठी सरकून जागाही केली.

तिने त्याच्या कानाला तोंड लावले. "अहो, थांबा की! आपली जागा मागंच राहिली!"

बोक्याने एका झटक्यात इंजिन बंद केले. होडी थबकली, पण होडीमागून धावत आलेली लाट थबकली नाही. शेपटीकडे ते अवजड इंजिन, बोका, आणि आता मांजरीही. पुढे तीन धोंड्यांखेरीज काही नव्हते. रेघ कधीच बुडाली होती. लाट मागच्या फळीवरून सरळ आत शिरली, तिच्यामागून दुसरी शिरली, आणि तेवढ्यात जाळे, टोपली, दोघे जण, सगळे पाण्यात होते. इंजिनाने होडीला शेपटीने धरून खाली नेले. बोक्याच्या पंजाला टोपली लागली. मांजरीच्या पायात जाळे अडकले होते. त्याने तिला हाक मारली. आता इंजिनाचा आवाज नव्हता, तिला नक्की ऐकू गेली असणार. तिने त्याच्याकडे पाहिले, आणि मग ती तिथे नव्हती.

बोक्याला बाहेर काढले ते कोल्ह्याने. तो दिवसभर आपल्या थोरल्या होडीने त्या खडकाभोवती फिरत राहिला. त्या दिवसानंतर कोणत्याही लहान होडीजवळून जाताना तो इंजिन मंद करी. बोलावणे पोचताच कासवही आले. पाण्यात मात्र कासवाइतके वेगवान त्या खाडीत दुसरे कोणी नव्हते. ते सात वेळा तळाशी जाऊन आले. होडी त्याला सापडली. मांजरी सापडली नाही.

होडी काठावर ओढून घेतल्यावर बोका मान खाली घालून म्हणाला, "सुतारबाबा, बोला हो मला. हवं ते बोला."

"काय बोलू?" कासव म्हणाले. "तुला रागानं बोलायचं ते त्याच दिवशी बोलायला हवं होतं. मी मान आत घेऊन बसलो." आणि म्हातारे कासव रडले. तिवराखालचे जुने इंजिन त्याने स्वतः ओढून आणले, पुसले आणि फळीला लावून दिले.

बोका अजूनही रोज सकाळी खाडीबाहेर जातो. पोट कोणाला चुकले आहे? सहा घोडे खोकत चालतात, होडीच्या मध्यावरची जागा रिकामी असते, आणि त्याच्या मिशीत खवले अडकले आहेत हे त्याला कोणी सांगत नाही. खडक आला की तो हळूहळू इंजिन मंद करतो. परतताना मागे वाकून रेघ बघतो. टोपली माशांनी काठोकाठ भरलेली असली, तरी पाणी त्या रेघेला टेकत नाही. ती दोघांच्या वजनाने कोरलेली आहे.

तात्पर्य : होडीला पेलेल तेवढेच बळ तिच्या पाठीशी बांधावे. दुसऱ्याला मागे टाकण्याच्या नादात जी होडी बुडते, तिच्यात आपलेच माणूस बसलेले असते.