फुटाणा कसा आहे आता?

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत, ढग दुपारी जिथे डुलकी काढायला उतरतात, तिथे एक इवलंसं गाव होतं. त्या गावात बकुळ राहायची. तिची आई गोदाक्का गुरांची वैद्य होती. हाताला गुण भारी, पण बोलणं मोजकं. औषध दिलं की दार बंद!

मग पलीकडच्या टेकडीवर नवा दवाखाना आला. लाल-निळ्या काचांच्या खिडक्या, मोरपंखी बाटल्या आणि येईल त्या शेळीला एक रुणझुणतं घुंगरू फुकट! झालं, सगळं गाव तिकडे पळालं. शेळ्यासुद्धा मिरवत गेल्या.

बकुळच्या घरी आता नुसती पातळ पेज शिजायची. एके दिवशी आई म्हणाली, "बाळा, दसऱ्यापर्यंत कुणी आलं नाही, तर हे घर सोडून मामाकडे जावं लागेल गं." बकुळला रडूच कोसळलं.

डोळे पुसत ती अंगणातल्या शेवग्याखाली गेली, तर खोडावरच्या डिंकात काहीतरी चमचमत होतं. परी! करंगळीएवढी, गुलाबी झग्यातली, आणि तिचा चंदेरी पंख डिंकाला चिकटलेला. बकुळने कोमट पाण्याने हलक्या हाताने तो सोडवला. परी भुर्रकन उडाली, आभारसुद्धा न मानता. पऱ्यांनाही कधी कधी घाई असते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बकुळ पुन्हा झाडाखाली आली. "परीताई, पंख दुखत नाही ना आता?"

पानांतून चिमुकलं डोकं डोकावलं. "मला पुष्कळांनी सोडवलंय," परी म्हणाली, "पण दुसऱ्या दिवशी विचारायला कुणीच आलं नाही. माग बाळा, काय हवं?"

"आमच्या दारी माणसं येऊ देत."

परीने तिला सोनेरी परागांची पुरचुंडी दिली. "यात दोनच चिमटी आहेत. एक वाटेवर टाकलीस की माणसं येतील. पण जादू सूर्य मावळेपर्यंतच. आणि आलेल्यांनी पुन्हा यावं, हे माझ्या हातात नाही हं."

बकुळने पहिली चिमूट टाकली मात्र, अंगण गजबजून गेलं! वासरं, कोंबड्या, एक रागीट बोकड, आणि ठकूआजीचं तापलेलं पांढरंशुभ्र करडू, फुटाणा. आईने सगळ्यांना औषध दिलं. पण दुसऱ्या दिवशी अंगण पुन्हा रिकामं झालं.

दसरा दोन दिवसांवर आला होता. बकुळ शेवटची चिमूट घेऊन वाटेवर निघाली, आणि तिला फुटाण्याचे मिटलेले डोळे आठवले. कसा असेल तो? पुरचुंडी मुठीत धरून ती ठकूआजीच्या झोपडीकडे धावत सुटली.

फुटाणा थरथरत होता. "आजी, आईला का नाही बोलावलंत?"

"अगं बाय, एकदा औषीद दिलं तिनं. पुन्यांदा कशी तसदी देऊ?"

बकुळने आईला ओढतच आणलं. आई पहिल्यांदाच कुणाच्या गोठ्यात गवतावर बसली. तिने फुटाण्याला काढा पाजला, मांडीवर घेतलं आणि ठकूआजीशी चक्क गप्पा मारल्या, अगदी घर सोडून जावं लागणार इथपर्यंत. ऊन उतरता उतरता फुटाणा टुणकन उठला आणि बकुळच्या हातातली पुरचुंडी त्याने मटकावली!

बकुळ हमसून हमसून रडली. आता कोण येणार?

आईने तिला जवळ घेतलं. "जायचंच असेल तर जाऊ. पण त्याआधी बाकीच्यांनाही विचारून येऊ या."

दुसऱ्या दिवशी मायलेकी घरोघर फिरल्या. "कपिला वासरी चारा खाते ना? बोकडाचा राग गेला का?" लोक आधी चकित झाले, मग त्यांनी पाट मांडले, गूळपाणी दिलं.

दसऱ्याच्या सकाळी बकुळ गाठोडं बांधत होती. तेवढ्यात बाहेर गलका झाला. झेंडूच्या केशरी माळा घातलेली जनावरं घेऊन सगळं गाव अंगणात उभं होतं! ठकूआजी सगळ्यांच्या पुढे.

"गोदाक्का, कुटं जायाचं न्हाई. घुंगरू काय, बाजारातबी मिळतंय. पर आमच्या फुटाण्यासाठी गवतात कोन बसतंय?"

आई रडली आणि हसलीही. बकुळने गाठोडं सोडून टाकलं.

शेवग्यावर लख्ख सोनेरी उजेड पसरला. "जादू तर करडाने खाल्ली," परी खुदकन हसली. "मग बकुळे, एवढी माणसं कुणी आणली गं?" पांढऱ्या फुलांचा सडा अंगणभर पडला आणि परी उजेडात विरघळू लागली.

"परीताई, थांब ना!" बकुळ ओरडली. "तुझा पंख कसा आहे आता?"

उजेडातून इवलासा आवाज आला, "अगदी बरा आहे!"