दहा वर्षं आधी

कांचनगड संस्थानाच्या दिवाणसाहेबांनी पहिलीच्या मुलांसाठी स्वतः वाचनाचं नवं पुस्तक लिहिलं आणि शिक्षकांची मतं मागवली. पहिल्याच पानावर 'मार्तंड' आणि 'धृष्टद्युम्न'! हे मुलांना झेपणार नाही, असं कदम मास्तरांनी लिहून कळवलं आणि चौथ्या दिवशी ते तुरुंगात गेले. मग बाकीच्यांनी घाबरून पुस्तकाची तोंडभर स्तुती केली. पहिलीच्या शिक्षिका द्वारकाबाईंनी मात्र काहीच लिहिलं नाही. त्यांना राजेसाहेबांच्या दरबारात बोलावणं आलं.

"तुमच्या वर्गातल्या एकाही मुलाला पहिलं पान वाचता येत नाही," दिवाण गरजले. "दोष पुस्तकाचा की मुलांचा? सरकारांसमोर सांगा."

बाई पेचात पडल्या. पुस्तकाचा म्हणावं तर तुरुंग ठरलेला. मुलांचा म्हणावं तर राजेसाहेबांचा नातू त्याच वर्गात शिकत होता. दाराशी उभा शिपाई दोन पावलं पुढे सरकला.

"सरकार," त्या कशाबशा म्हणाल्या, "पुस्तकही उत्तम आहे आणि मुलंही उत्तम आहेत. फक्त दोघांची गाठ दहा वर्षं आधी पडली."

राजेसाहेब आधी गालात हसले, मग मोठ्यानं.

"दिवाणजी, पुस्तक दहा वर्षं जपून ठेवा. आणि त्या कदम मास्तरांना आजच सोडा. तेही हेच सांगत होते."

द्वारकाबाई मुजरा करून बाहेर आल्या आणि पहिल्याच पायरीवर मटकन बसल्या.