अर्धी खूण

"तिन्हींतला कोणता ठेवू, आक्का? तेवढं एकदा सांगा, म्हणजे मी सुटलो."

मल्हारराव इंगवल्यांनी पायऱ्या चढता चढताच विचारलं. नमस्कार राहिला तो राहिलाच.

येरळेकाठच्या त्या मठीत रुक्माआक्कांना लोक काय काय विचारायला येत. कोणी मोक्षाचं विचारी, कोणी मुलीच्या लग्नाचं. चष्मा कोणता घ्यावा, हे विचारणारा हा पहिलाच.

शेवटची पायरी त्यांना नीट दिसली नाही. पाय अधांतरी पडला. शेजारी त्यांची बायको होती, शालनताई. तिने डाव्या हाताने त्यांचा दंड धरला, म्हणून वाचले.

खरं तर ते तिला धरून वर आणत होते. पक्षाघात तिला झाला होता, त्यांना नाही. तिचं चालणं बरंचसं परत आलं होतं. वाचा मात्र गेली ती गेलीच.

"बघितलंत? सगळा या नव्या चष्म्याचा प्रताप," मल्हारराव म्हणाले.

आक्कांनी दोघांच्या पुढ्यात तांदळाची परात सरकवली.

मठीत रिकाम्या हाताने प्रश्न विचारायचा नाही, अशी रीत होती. प्रसादाचे तांदूळ निवडत विचारायचं. हात कामात असला की माणूस खोटं कमी बोलतो, असं आक्कांचं म्हणणं.

शालनताई मल्हाररावांच्या डाव्या अंगाला बसल्या आणि डाव्या हाताने खडे काढू लागल्या.

"हं. बोल आता."

"आक्का, मी भूमापन खात्यातला माणूस. दुर्बिणीला डोळा लावून लांबचा झेंडा बघायचा, मग मान खाली घालून नकाशा काढायचा. लांबचा एक चष्मा, जवळचा एक. माझी हद्द कधी चुकली नाही."

"मग आता काय बिघडलं?"

"ही आजारी पडली ना. गोळीवरचं नाव वाचायचं तर जवळचा लागतो. तेवढ्यात ही उठते, धरायला धावावं तर लांबचा लागतो. घाल-काढ, घाल-काढ. एक हरवला, एकावर मीच बसलो. दोन्ही पुन्हा बनवून घेतले. तर चष्मेवाला म्हणाला, आहेत तसे दोन ठेवा, नाहीतर एकाच काचेत मधे रेघ असलेला घ्या, नाहीतर हा बिनरेघेचा."

"रेघेचा का नको?"

"म्हातारा दिसतो माणूस."

"मग तू कोण आहेस?"

शालनताईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. मल्हाररावांना तो दिसायचं कारण नव्हतं. ते आक्कांकडे बघत होते.

"याच्यात वरून लांबचं दिसतं, खालून जवळचं, मधून मधलं," ते म्हणाले. "म्हणायला! खाली बघावं तर जमीन हलते. बाजूला बघावं तर सगळं पुसट. चष्मेवाला म्हणतो, डोळे फिरवू नका, मान फिरवा. जिकडं बघायचं तिकडं नाक करा. पायरी उतरताना हनुवटी छातीला लावा. आता जन्मभर मी नाकासमोर चालत आलो, आणि हा मला नाक कुठं करायचं ते शिकवणार!"

"सवय होईल की."

"म्हणतो, घातला की काढायचा नाही. मधेमधे जुना घातलात तर सवय कधीच व्हायची नाही."

"मग काढतोस?"

मल्हाररावांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे चाचपले. दोन्हीत जुने चष्मे होते.

"अडचणीला असावेत..." ते म्हणाले. "पटला नाही तर उद्यापर्यंत परत घेतो म्हणालाय. म्हणून तर आलो."

एवढ्यात शालनताईंचा हात परातीतून उचलला गेला. पाची बोटं एकत्र करून त्यांनी ती ओठांशी नेली.

मल्हाररावांच्या ते डोळ्याच्या कोपऱ्यातून लक्षात आलं. मान न वळवताच त्यांनी पिशवीतली बाटली काढली, फुलपात्रात पाणी ओतलं आणि बाजूला धरलं.

शालनताईंनी ते घेतलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग सगळं प्यायल्या.

"मागायची खोटी, आक्का," मल्हारराव म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. "ही आजारी पडल्यापासून एक दिवस हिला तहानलेली ठेवली नाही. हात तोंडाशी गेला की पाणी हजर."

आक्का शालनताईंकडे बघत राहिल्या.

"शालन लई बोलायची पूर्वी," त्या म्हणाल्या.

"लई म्हणजे? शेजारणीचं भांडण, भाजीचा भाव, माहेरचं काय काय. तोंडाला खळ म्हणून नव्हता."

"आणि तू?"

"मी नकाशावर असायचो. हं म्हणायचो."

"आणि आता?"

"आता घरात शांत असतं."

हे सांगताना त्यांचा आवाज उतरला. शांतता आपल्याला बरी वाटेल असं त्यांनाच कधीकाळी वाटलं होतं. ती बरी वाटत नव्हती.

आक्कांनी परातीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मल्हारा, ते जुने दोन चष्मे. त्यांतल्या कुठल्यात ही नीट दिसायची?"

"ही?"

"ही."

"लांबच्यात... नाही. लांबच्यात पुसट व्हायची. जवळच्यातही..." ते थांबले. "आक्का, ही तर कायम शेजारीच असते. हिला काय बघायचं?"

बोलून गेले. आपलं बोलणं त्यांच्याच कानावर पडलं, तेव्हा परातीतला हात थांबला.

अंगणात एक चिमणी परातीवर डोळा ठेवून होती.

शालनताईंचा हात पुन्हा ओठांशी गेला.

मल्हाररावांनी सवयीने बाटलीकडे हात नेला. आक्कांनी बाटली आधीच उचलून आपल्या मागे ठेवली होती.

"अहो आक्का, हिला पाणी..."

"नाक."

"काय?"

"चष्मेवाल्यानं काय सांगितलंय? नाक तिकडं कर."

मल्हाररावांनी मान वळवली. आधी अर्धी, मग पूर्ण. शालनताईंचा चेहरा पुसटच होता. त्यांनी हनुवटी जरा उचलली, जरा खाली केली. आणि एका जागी ती दिसली.

भुवई पांढरी झाली होती. ओठ एका बाजूला ओढलेला होता. डाव्या हाताने लावलेलं कुंकू तिरकं गेलं होतं. हे सगळं केव्हा झालं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

तिची बोटं अजून ओठांशीच होती. खूण इथवर आली की रोज मल्हारराव पाण्याकडे वळत. आज वळायला जागा नव्हती.

ती बोटं ओठांवरून निघाली. परातीवरून पुढे आली. मल्हाररावांच्या ओठांना लागली आणि तिथेच थांबली.

मग शालनताईंनी मान कलती करून कान त्यांच्याजवळ आणला.

...

"ही पाणी मागत नव्हती," मल्हारराव म्हणाले.

आक्का तांदूळ निवडत राहिल्या.

"बोला म्हणत होती. मला येत नाही, तर तुम्ही बोला... इतके दिवस... आणि मी हिला पाणी पाजत राहिलो, आक्का. तहान नसताना. रात्री-अपरात्री उठावं लागायचं हिला, तरी पाजत राहिलो."

ते शालनताईंकडे वळले. या वेळी नाक वळवायला कोणाला सांगावं लागलं नाही.

"तू पीत का होतीस गं?"

शालनताईंनी रिकामं फुलपात्र उचललं. त्यांच्या हातात दिलं. ते दिल्यावरही हात मागे घेतला नाही. त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवून तशाच बसून राहिल्या.

मल्हाररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. काच धूसर झाली. चष्मा काढायला त्यांनी हात वर नेला...

आणि तसाच खाली आणला.

"आक्का, मी हिला काय सांगू?" ते हळूच म्हणाले. "ही सगळं सांगायची तेव्हा मी नुसतं हं म्हणायचो. आता माझ्याकडं सांगण्यासारखं आहे काय? शेताच्या हद्दी? सर्व्हे नंबर?"

शालनताईंचा कान अजून तसाच कलता होता.

मल्हाररावांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. एवढा मोठा अधिकारी माणूस, स्वतःच्या बायकोशी बोलायला घाबरला होता.

आक्कांनी मागची बाटली पुढे घेतली. मल्हाररावांच्या हातातलं फुलपात्र काठोकाठ भरलं. शालनताईंकडे वळू लागलेला त्यांचा हात धरून पुन्हा त्यांच्याच तोंडाशी नेला.

"हे तू पी, मल्हारा. आता तुला लागेल."