शेवटची ओळ

“पण चालीत खोट काय आहे, ते तरी सांगा!”

कोलम तावातावाने बोलत होता. मांडीवर गिटार, समोर बार्टलीकाका. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गावात जुनी गाणी शिकायची तर या म्हाताऱ्याकडेच यावं लागे. कोलमही लहानपणी इथेच शिकला. मग डब्लिनला गेला, रॉक बँड काढला, नाव झालं. डोक्यात थोडी हवाही गेली; खोटं कशाला बोला!

“चाल झकास आहे,” काका म्हणाले.

“मग?”

“कविता संपायच्या आधीच गाणं संपलं.”

कविता कोलमच्या वडिलांची. पोराने गिटार उचलून घर सोडलं, तेव्हा बापलेकांचं बिनसलं ते बिनसलंच. मग वडील गेले, आणि मागे ही कविता राहिली. उद्या त्यांना जाऊन वर्ष होत होतं. गावाच्या हॉलमध्ये कोलम ती गाणार होता. आईने एकच विचारलं होतं, “शेवटची ओळ म्हणशील ना रे?”

“ती ओळ बसतच नाही, काका. बाकीच्या सगळ्या कशा तालात चालतात, आणि ही एवढी लांबलचक! ड्रमच्या पुढे पळते. बाबांचं मोजमाप चुकलं. म्हणून मी ती काढली, तिथे गिटार वाजवली.”

“जोरात?”

“जोरात.”

“हं...”

काकांनी शेकोटी सारखी केली. मग म्हणाले, “गिटार खाली ठेव. हात दे.”

त्या मुलखात कुणी एकटा गायला बसला, की शेजारचा त्याचा हात हातात घेतो आणि गाणं चालेल तसा हळूहळू फिरवत राहतो, जात्याचा खुंटा फिरवावा तसा. साथ म्हणाल तर तेवढीच.

“मी काय आता लहान आहे?”

“दे म्हटलं ना!”

कोलमने हात दिला. गाऊ लागला. चाल त्याचीच, पण ड्रम नाहीत, माइक नाही. कवितेतली नाव किनाऱ्याला लागली, माणूस वाट चढून आला, घर दिसलं... हात फिरत होता.

शेवटची ओळ आली आणि काकांचा हात थांबला.

कोलम अडखळला. गाता येईना, म्हणून त्याने ती ओळ नुसती म्हटली, घरात बोलावं तशी.

“दार नुसतं लोटलेलं आहे, कोलम, कडी मी कधी लावलीच नाही, ये आणि आधी जेवून घे.”

...

बिचारा ढसाढसा रडला. एवढा नावाजलेला गाणारा, पण बाहीला नाक पुसत होता. मग एकदम त्याने मान वर केली. गावातले जुने गाणारे शेवटची ओळ गातच नसत. ती बोलत, डोक्यावर टोपी ठेवत आणि उठत. याच खोलीत त्याने हे कितीदा पाहिलं होतं! शहरात जाऊन साफ विसरला होता.

“म्हणजे बाबांचं मोजमाप...”

तो काकांकडे वळला.

“काका, ही ओळ त्यांनी बोलायलाच लिहिली होती. माझ्याशी. आणि मी तिच्यावर गिटार...”

“असू दे रे.”

मग कोलम उठला. काका त्याला सोडायला दारापर्यंत आले, गिटार त्याच्या खांद्याला अडकवली.

उंबऱ्याशी कोलम थबकला. “मग माझी चाल? टाकून देऊ?”

काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

“टाकतोस कशाला, वेड्या? दारापर्यंत तिनेच आणून सोडलं ना तुला!”