तरसबुवा आणि कवनं करणारी टिटवी

फार पूर्वीची, जनावरं बोलत होती तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि आपण शहाणे झालो असं वाटणाऱ्या मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका रानात एकच पाणवठा होता. उन्हाळ्यात बाकीचे ओढे आटले, की सगळ्या जनावरांची भिस्त त्याच्यावर. एके वर्षी तिथे कुठूनसा एक म्हातारा तरस आला. अंगाला राख फासलेली, गळ्यात रुईच्या फुलांची माळ. "आम्ही मांस सोडलं," तो म्हणाला. "आता गळून पडलेलं फळ आणि देवाचं नाव, एवढंच." जनावरांनी त्याला पाण्याकाठची उंच जागा दिली आणि तो तरसबुवा झाला.

बुवांनी एक रीत घातली. संध्याकाळी पाणी पिण्याआधी सगळ्यांनी डोळे मिटून मोठ्याने नाम घ्यायचं. मध्ये डोळे उघडेल त्याला पाप, आणि पाणीही बंद. नाम संपून डोळे उघडले, की अधूनमधून एखादं जनावर कमी भरायचं. बुवा हात जोडून म्हणायचे, "भाग्यवान! देवाने उचलून नेलं." ज्या घरचं गेलं, त्या घराला महिनाभर पहिल्या पाण्याचा मान मिळायचा. मान मिळाला की कोण रडतं? रडलंच कुणी तर शेजारीच म्हणायचे, "अहो, केवढं पुण्य तुमचं!"

त्या काठावर एक टिटवी राहायची. टिटवीचं कामच ओरडण्याचं. धोका दिसला की ती कोकलत सुटायची, आणि जनावरं म्हणायची, "गप गं अभद्रे!" जन्मभर तिने हेच ऐकलं होतं. पुढे मात्र तिने युक्ती काढली. जे ओरडून सांगायचं, ते ती कवनात सांगू लागली.

"बुवांचा उपास फळांवर चाले,
पोट मात्र महिन्यात दुप्पट झाले.
कसलं हे फळ, कुठल्या झाडाचं?
सालीला केस, अन् बी ते हाडाचं!"

जनावरं हसून हसून लोळली. आता बुवा खवळणार, असं टिटवीला वाटलं. पण सगळ्यांत मोठ्याने हसले ते बुवाच. "वा! आमच्या मनात गर्व शिरू नये म्हणून देवानेच हिला धाडलंय. बाई, रोज नामाआधी एक कवन म्हणत जा." आपल्या उजव्या हाताचा दगड त्यांनी तिला बसायला दिला.

"काय मोठं मन!" म्हातारं सांबर गहिवरून म्हणालं. "स्वतःवरची थट्टाही गोड मानून घेतात." ज्यांना थोडी शंका होती, तेही त्या दिवसापासून घट्ट डोळे मिटू लागले.

खरं सांगायचं तर टिटवीलाही तो दगड आवडला. ज्यांनी अभद्र म्हटलं, तेच आता "नवं काय आज?" म्हणून वाट बघत बसायचे. ती दिवसभर यमकं जुळवायची.

"डोळे मिटा म्हणे, देव दिसेल,
उघडाल तर पाप बसेल.
मिटले तेव्हा होतो दहा,
उघडून बघतो, नऊच! अहा!"

हे कवन तर पिल्लांच्याही तोंडी बसलं. ते गात गात पिल्लं पाण्यावर यायची आणि गाऊन झालं की डोळे मिटायची.

टिटवीच्या शेजारी एक सशीण राहायची. तिची दोन पिल्लं देवाने उचलली होती. एकच उरलं होतं. ती एकदा म्हणाली, "अगं, तुझ्या कवनात सगळं खरंच असतं. सगळे हसतात आणि मग डोळे मिटतात. तू सरळ ओरडत का नाहीस?"

"ओरडले तर कोण ऐकणार?" टिटवी म्हणाली. "कवन निदान ऐकतात तरी. वेळ आली की ओरडेन ना!"

"उद्यापासून पिल्लाला न्यावं लागेल गं. बिळात तहानेने मरायला टेकलंय. तू दगडावर असतेस, तेवढं लक्ष ठेव."

"माझ्यावर सोड," टिटवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पिल्लू आईला बिलगून काठावर बसलं. टिटवीचं कवन झालं, हशा झाला, सगळ्यांनी डोळे मिटले. नामाचा गजर सुरू झाला. टिटवीने मात्र डोळे उघडेच ठेवले होते. बुवा उठले. राख फासलेले पाय न वाजवता सशिणीच्या मागे गेले.

टिटवी जीव तोडून ओरडली, "उठा! पळा! बुवाने पिल्लू धरलं!"

गजर क्षणभर थांबला आणि सगळा पाणवठा खदखदून हसला. डोळे मिटलेलेच. "वा गं वा! आज मध्येच!" कुणीतरी म्हणालं, "पुढची ओळ होऊ दे!"

टिटवी ओरडतच राहिली आणि ते हसतच राहिले. डोळे उघडले तेव्हा बुवा आपल्या जागेवर हात जोडून बसले होते. सशिणीशेजारची जागा रिकामी होती.

सशिणीला पहिल्या पाण्याचा मान मिळाला. तीही प्यायली, घसा कोरडा पडला होता, काय करणार?

टिटवी तिच्याजवळ गेली. शरमेने तिची मान वर होत नव्हती. "मी ओरडले गं," ती म्हणाली. "शपथेवर सांगते, ओरडले."

"ऐकलं मी," सशीण म्हणाली. "पण आधी मला वाटलं, कवनच आहे. माझं पिल्लू ओढून नेत होते, आणि मीही हसत होते."

तात्पर्य: ढोंगी स्वतःच ज्या थट्टेला दाद देतो, ती थट्टा त्याचं ढोंग उघडं पाडत नाही, झाकते.