शेकरूबाईने दातांत धरलेलं पान

फार फार वर्षांपूर्वी एका रानात वणवा लागला आणि मागे तीनच फणस उरले. पहिला फणस वाटायला माकडदादा बसले. "कुणाला किडका जायला नको," म्हणत ते एकेक गरा चाखत राहिले, आणि ससा नि साळिंदर उपाशीच परतले.

दुसऱ्या दिवशी पाळी आली शेकरूबाईची. घरट्यात दोन तान्ही पिल्लं आणि हिच्या पोटात दोन दिवस कण नाही. माकडदादा खिदळले, "भुकेली बाळंतीण ही! आठळीसुद्धा ठेवायची नाही!"

शेकरूबाईला स्वतःचाच भरवसा वाटेना. फणसाच्या वासानेच जीव कासावीस झाला होता. तिने बेलाचं पान तोडलं, देवाचं नाव घेऊन दातांत धरलं आणि वाटप संपेपर्यंत ते सोडायचं नाही, असा नेम केला. सशाला दहा गरे, साळिंदराला दहा, चिडवणाऱ्या माकडदादांनाही दहा. तिच्यासाठीही नेमके दहाच उरले. मगच तिने पान खाली ठेवलं.

"एवढं मन कसं गं आवरलंस?" माकडदादांनी ओशाळून विचारलं.

"मन कुठलं आवरतंय, दादा! मी आपलं तोंड तेवढं आवरलं."

तिसऱ्या दिवशी माकडदादा वाटायला बसले, ते आधी तिच्याकडून पान मागून घेऊनच. शेकरूबाईचा नेम जसा रानाच्या कामी आला, तसा तुमचा-आमचाही येवो.