दातांनी ऐकलेलं पाणी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. एक जण शंभर म्हणेल, दुसरा दोनशे म्हणेल, दोघं भांडत बसतील आणि गोष्ट राहील बाजूला.

तेव्हा पाथरदरीत सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. पाऊस पडायचा, पण काळ्या खडकावरून घसरून तडक नदीला जायचा, गावात थांबायचं नाव नाही. नदी दोन कोसांवर. पाणी वाहून वाहून बायांच्या डोक्यावरच्या चुंबळी झिजल्या, रांजण मात्र कधी काठोकाठ भरला नाही. तीन विहिरी खणून झाल्या, तिन्ही कोरड्याठाक. शेवटी सुपडू पाटलांनी गाव चावडीवर जमवलं आणि सांगितलं, "यंदा आखाजीला पितरांची घागर गावच्या पाण्यानं भरली, तर राहू. नाही भरली, तर दुसऱ्या दिवशी गाव उठवू. नदीपल्याड जाऊ."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पितरांना पाण्याची घागर द्यायचा दिवस. जिथं मेलेल्यांना पाजायला पाणी नाही, तिथं जित्यांनी कशाच्या जोरावर राहायचं?

मग तिमाप्पाला बोलावणं गेलं. तिमाप्पा वडार, विहिरी खणण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्यानं पाहिलेली जागा कधी कोरडी गेली नाही, असं म्हणतात. त्याची तऱ्हाच निराळी होती. पहार खडकावर उभी टेकवायची, वरचं टोक दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. बायको नागव्वा चार पावलांवर हातोडीनं खडक ठोकायची, आणि हा बाबा जेवल्यासारखा शांत उभा. कुणी म्हणे मंत्र म्हणतो, कुणी म्हणे लोखंड चाखतो, कुणी म्हणे खडकातलं पाणी ऐकतो. तिमाप्पा कुणाला काही सांगत नसे. सांगणार काय? तो ठार बहिरा होता.

चाळीस वर्षं घणाचे घाव ऐकून त्याचे कान गेले होते. आधी पाखरं गेली, मग बैलांच्या घुंगरमाळा गेल्या, आणि एके सकाळी नागव्वाचा आवाज गेला. त्या दिवशी तो विहिरीच्या काठावर बसून लेकरासारखा रडला. पुढं एकदा काय झालं, पटका सुटला. दोन्ही हात पटक्यात गुंतले, पहार कलायला लागली, म्हणून त्यानं टोक दातांत धरलं. तेवढ्यात नागव्वानं खाली खडकावर घाव घातला, आणि तो घाव तिमाप्पाच्या डोक्यात स्वच्छ वाजला! भरीव खडक कसा बोलतो, पोकळ कसा बोलतो, सगळं दातांतून कळायला लागलं. पण बहिऱ्या वडाराला विहीर कोण देणार? म्हणून दोघांनी ते कुणाला कळू दिलं नाही. कुणी बोलायला आलं की नागव्वा त्याच्या पाठीवर हळूच दोन बोटं टेकवायची. मग तो वळायचा, बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघायचा आणि बेतानं मान हलवायचा.

पाथरदरीत खोदाई सुरू झाली. माती गेली, मुरूम गेला, काळा पाषाण लागला. अख्खं गाव राबत होतं. सात परस खोल गेले, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढं, तरी तळ कोरडाच. आखाजी दोन दिवसांवर आली. तिमाप्पानं पहार दातांत धरली, बराच वेळ धरली, आणि म्हणाला, "खाली नाही. उगवतीच्या अंगाला. भिंतीत पोट आहे."

भिंत फोडायला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी छिन्नी आरपार गेली आणि माणूस वाकून शिरेल एवढं भोक पडलं. आत अंधार. तेव्हा वरच्या बायांनी घराघरांतून पितळी पराती आणल्या, उन्हाला तिरप्या धरल्या आणि उजेड खाली पाठवला. उजेड त्या पोकळीत शिरला मात्र, सगळ्यांच्या तोंडून एकच "आई गं!" निघालं. भिंतींना, छताला, जिकडं बघावं तिकडं गारा, चमकत्या गारगोट्या. पांढऱ्या टोकदार गारा, पिकल्या पेरूच्या गरासारख्या गुलाबी गारा, आणि मधोमध खाटेएवढा हिरव्या गारांचा झुबका. तो हिरवा उजेड विहिरीबाहेर येऊन पराती धरलेल्या बायांच्या तोंडावर पडला, असं म्हणतात.

गावातल्या म्हाताऱ्या बनाआजीनं वर आलेला एक पांढरा खडा चाटून पाहिला. तिला वाटलं खडीसाखर! तोंड वाकडं करून म्हणाली, "मेल्याला ना चव, ना ढव."

ते ऐकलं आणि गाव भानावर आलं. पाणी कुठाय? आत थेंब नव्हता. "पाणी मागितलं आणि हातावर गारगोट्या ठेवल्या," कुणीतरी चिडून म्हणालं. काठावर ढकलाढकली झाली, एक धोंडा निसटला. "तिमाप्पा, सरक! धोंडा आला!" वरून पन्नास माणसं ओरडली. तिमाप्पा गारांकडं बघत तसाच उभा. नागव्वानं झेप घालून त्याला ओढलं, आणि तो उभा होता तिथंच धोंडा आदळून फुटला.

मग वरून एक जण म्हणाला, "अरे, हा तर बहिरा आहे!"

झालं! जो तो तेच बोलायला लागला. बहिऱ्यानं आम्हाला पाणी ऐकून दिलं म्हणे! आंधळ्यानं नवरी पसंत केली म्हणे! माणसं हसली, आणि हसता हसता रडली, कारण उद्या आखाजी होती. बाया पराती घेऊन घराकडं वळल्या, गाठोडी बांधायला. तिमाप्पाला शब्द ऐकू आले नाहीत, पण एवढ्या ओठांवर एकच शब्द त्याला वाचता येत होता. त्याची मान खाली गेली. नागव्वानं पाठीवर दोन बोटं टेकवली, तरी त्यानं वर पाहिलं नाही. तिनं बोटं काढली नाहीत.

शेवटी तो शिडी चढून वर आला आणि पहार पाटलांपुढं धरली. "पाटील, कान गेले माझे. लपवलं, चुकलो. पण पाण्याबिगर गार वाढत नाही. ही पाण्याचीच लेकरं. लेकरं घरात आहेत, तर आई लांब कशी असंल? एकदा खाली या, माझ्यावाणी ऐका. मग घालवून द्या."

पाटील शिडीनं खाली उतरले. पहारीचं टोक पोकळीच्या मागच्या भिंतीला टेकवून दुसरं दातांत धरलं. वरचे लोक हसू दाबत होते. पाटलांचे डोळे मोठे झाले. पहार सोडून ते कुजबुजले, "आधण... चुलीवर आधण ठेवावं, तसं वाजतंय."

मग काय विचारता! पाटलांमागून सुतार, सुतारामागून गुरव, बाया, पोरं, सगळ्या गावाचे दात त्या एका पहारीला लागले. बनाआजीला दातच नव्हते. तिला दोर लावून खाली सोडली, तर तिनं पहारीला कपाळ टेकलं. टेकलं ते काढीचना. "वाहतंय गं बाई," म्हणाली, "माझ्या माहेरच्या पाटावाणी वाहतंय."

आखाजीच्या सकाळी तिमाप्पा छिन्नी घेऊन पोकळीत शिरला. हिरव्या झुबक्याला धक्का न लावता, गारांच्या मधल्या वीतभर कोऱ्या खडकाला त्यानं भोक पाडायला घेतलं. एक घाव घालायचा, दातांनी ऐकायचं, मग दुसरा. घावागणिक आतल्या गारा टाळांसारख्या वाजत होत्या, असं म्हणतात. सूर्य डोक्यावर आला आणि भिंत फुटली. पाणी आलं ते मनगटाएवढ्या धारेनं, गार आणि गोड. पोकळी भरली, तळ भरला, आणि नागव्वा तिमाप्पाला हाताला धरून शिडीवर घेऊन आली.

पाण्याचा तो आवाज एवढा मोठा होता, की तिमाप्पाला कानांनी ऐकू आला, असं म्हणतात. नागव्वा मात्र सांगायची, "काही नाही. त्यानं भिंतीला तळहात लावला आणि हसला. बस." ज्याला जे खरं वाटेल ते त्यानं धरावं.

पितरांच्या घागरी भरल्या. गाव उठलं नाही. पाटलांनी तिमाप्पाला विचारलं, काय देऊ? तो म्हणाला, "त्या गारांना हात लावू नका. सगळं गाव माझ्यावर उठलं होतं, तेव्हा माझ्या बाजूनं त्याच उभ्या राहिल्या."

अजून कुणी हात लावलेला नाही. आसपासच्या खाणींत तसल्या गारा निघतात, लांबलांबचे लोक काचेच्या कपाटात मांडायला त्या घेऊन जातात. पाथरदरीची माणसंही रानात सापडलेल्या विकतात, खोटं कशाला बोला! पण विहिरीतल्या विहिरीतच आहेत, पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाया आजही परात तिरपी धरतात, आणि हिरवं काहीतरी चमकतं.

ती पहार मारुतीच्या देवळात आहे. तिच्या टोकाला दातांचे व्रण आहेत म्हणतात. लोखंडाला दातांचे व्रण पडतात का, ते तुम्ही ठरवा. आखाजीला ती विहिरीवर आणतात, लिंबाच्या पाल्यानं पुसतात. दातवाले दात लावतात, बिनदाताचे कपाळ टेकतात, आणि तेवढा वेळ गावात कुणी बोलत नाही.

मग पहिली घागर. ती पाटलाची नाही, गुरवाचीही नाही. गावात ज्याला सगळ्यांत कमी ऐकू येतं, त्याची. पाथरदरीत बहिरा हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही, पोरासोरांना तर तो माहीतही नाही. आणि त्या माणसाला पुढं बोलवायला कुणी ओरडतही नाही. कुणीतरी मागून जातं, त्याच्या पाठीवर हळूच दोन बोटं टेकवतं, आणि तो वळेपर्यंत सगळं गाव थांबतं.